पाकोळीचा झगा

परवा नात सुट्टीला आली तेव्हा तिच्या दप्तरात एक जाडजूड पुस्तक होतं. नभराज या उडत्या हिरोच्या जुन्या चित्रकथांची नवी आवृत्ती. कागद गुळगुळीत, रंग झगमगीत, आणि पहिल्याच गोष्टीच्या पहिल्याच पानावर नभराजाच्या खांद्याआडून त्याची सोबतीण पाकोळी डोकावत होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "ही इथे कशी आली?" मी विचारलं. नात म्हणाली, "आजी, ती पहिल्यापासूनच आहे." मी शाळेत शिकवणारी बाई. चूक दिसली की लाल पेन उचलल्याशिवाय मला राहवत नाही. तोंड उघडलंच होतं, की नाही गं बाई, पहिल्या कितीतरी अंकांत ही नव्हती, ही टीव्हीवर जन्मली आणि मागाहून पुस्तकात आणून बसवली. पण शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच थांबले. असलंच वाक्य मी एकदा बोलले होते आणि त्याचं फळ दुसऱ्याच कुणाला तरी भोगावं लागलं होतं. पुस्तक नातीच्या हातात परत दिलं आणि भाकऱ्या करायला उठले. त्या दिवशी दोन भाकऱ्या करपल्या.

आमचं घर पळसदेवच्या अलीकडे, उजनीच्या पाण्याला लागून. आज्याच्या काळी मेंढवाड्यात शे-दीडशे मेंढरं असायची. धरण झालं, चराईची रानं पाण्याखाली गेली, मेंढरं विकली गेली आणि तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, उसाच्या मागं लागले. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, मातीची गोडी नव्हती. ते दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. भल्या पहाटे निघायचे, गावोगावचे कॅन भरून बारामतीला पोचवायचे आणि दुपार कलताना रिकामे कॅन घेऊन परतायचे. वळणावरून कॅनचा खडखडाट ऐकू आला की मी हातातलं काम टाकून रस्त्यावर जायची, कारण महिन्यातून एकदा त्या गाडीतून माझ्यासाठी नभराजाचा नवा अंक यायचा. बारामतीच्या स्टँडवरच्या पेपरवाल्याकडून आबा तो घ्यायचे आणि बंडीच्या आत पोटाशी धरून आणायचे, त्यामुळे त्याला कायम घामाचा आणि दुधाचा वास असायचा. माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही, हे मी आता उघडपणे सांगते. त्या वयात मला तिच्या जागी काहीतरी घट्ट धरून ठेवायचं होतं, आणि मी नभराज धरला. अंक नंबरवारीनं पत्र्याच्या पेटीत लावलेले असत. त्यात छापलेलं ते सारं खरं आणि बाकीचं सारं लोकांचं बोलणं, असा माझा हिशेब होता.

मग आबांनी पाट लावला. मावशी आली. तिला मी मावशी म्हणायचे, तसं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण आई म्हणायला जीभ वळली नाही. तिचं माहेर नरसिंहपूरकडचं, पहिलं घर वडगाव निंबाळकरचं. नवरा विहीर खोदताना दरडीखाली गेला होता. ती आली तेव्हा तिच्या एका हातात पितळी डबा होता आणि दुसऱ्या हाताला सुली. सुलोचना. माझ्याहून वर्षभरानं मोठी, काटकुळी, केसांना तेल कमी आणि पायांत वारं. आल्या दिवशीच ती पत्र्यावर चढून बसली आणि तिथून पाण्यात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर दिसतं का बघत राहिली. मावशीच्या हाताला चव होती. कोळ्याकडून चिलापी मासे घेऊन ती तिखट-मीठ-हळद लावून तव्यावर अशी टाकायची की तात्यासुद्धा, जे तिच्याशी फारसं बोलत नसत, ते ताट पुन्हा पुढं करायचे. थंडीत दूध घालून हुलग्याच्या पिठाचं गरम माडगं व्हायचं. त्यावरची साय मावशी आधी माझ्या वाटीत घालायची, मग सुलीच्या. सुली ते बघायची आणि आपली वाटी तोंडाला लावायची. एकाच वाकळेखाली आम्ही दोघी झोपायचो. मी वाकळ माझ्याकडं ओढायची. ती उघडी पडली तरी पाय पोटाशी घेऊन झोपून जायची.

त्याच सुमारास आबांनी बारामतीहून कुणाचा तरी जुना टीव्ही आणला. काळा-पांढरा, लाकडी दारांचा. दर रविवारी सकाळी त्याच्यावर नभराज लागायचा, हलता-बोलता. आमच्याकडं चित्र यायचं ते वाऱ्याच्या मर्जीनं. उजनीवरून वारं सुटलं की बांबूवरचा अँटेना फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या धावायच्या. मग कुणीतरी पत्र्यावर जाऊन तो धरायला लागायचा, आणि ते कुणीतरी म्हणजे सुली. वरून तिचा आवाज यायचा, "आलं का?" मी खालून ओरडायची, "न्हाय! आणखी फिरीव!" पुन्हा, "आलं का?" "आलं! आता हालू नगंस!" आणि ती हलायची नाही. अर्धा तास उन्हात बांबूला मिठी मारून उभी. कधीकधी मधेच विचारायची, "मंगे, आता तू धरतीस का? मी येऊ का खाली?" मी ऐकू न आल्यासारखं करायची. नभराजाचा आवाज मोठा होता, ती सबब मला पुरायची. तिला पत्र्याच्या फटीतून टीव्हीचा एक कोपरा दिसायचा, तेवढ्यावर ती समाधान मानून घ्यायची. निदान मी तसं समजायचे.

त्या कोपऱ्यात तिला पाकोळी दिसली. पुस्तकातला नभराज एकटा होता. एकटाच उडायचा, एकटाच विचार करायचा, आणि त्याचे विचार डोक्यावरच्या ढगात छापलेले असायचे. टीव्हीवर ढग कुठून आणणार? मुका हिरो आभाळातून हिंडताना कोण बघत बसेल? म्हणून त्या कार्टूनवाल्यांनी त्याच्यासोबत एक पोरगी दिली. बंद पडलेल्या बिनतारी केंद्रात राहणारी, लांबचे आवाज ऐकणारी, आखूड झग्यातली पाकोळी. त्याच्या मनातलं त्यानं तिच्याशी बोलायचं. हे कारण मला पुष्कळ वर्षांनी एका मासिकात वाचायला मिळालं. तेव्हा मात्र मला तिचा संताप आला होता. पेटीतले सगळे अंक काढून तपासले. पाकोळी कुठंच नव्हती. "ती पुस्तकात न्हाय," मी सुलीला सुनावलं. "टीवीवाल्यांनी उगं घुसडलीया." सुली म्हणाली, "मग काय झालं? आता आलीया न्हवं." तिला पाकोळी फार आवडायची. झग्याचा रंग पिवळा आहे, असं ती छातीठोक सांगायची. मी म्हणायची, काळ्या-पांढऱ्यात तुला पिवळा दिसला कसा? आणि पुस्तकात नाही तिला रंगच नसतो. सुलीनं एक पोस्टकार्ड लिहिलं, 'पाकोळीला पुस्तकात घ्या,' आणि आबांच्या खिशात घातलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी पुस्तकाबद्दल भांडत होते असं मला वाटायचं. भांडण मावशीनं वाटीत घातलेल्या सायीचं होतं, आबांच्या मांडीचं होतं, वाकळेचं होतं. गाडी थांबली की आबा आधी माझं नाव घ्यायचे आणि मग, तेवढ्याच मायेनं, सुलीचं. ते 'तेवढ्याच' मला सोसायचं नाही.

त्या उन्हाळ्यात वडगावहून सांगावे येऊ लागले. सुलीचा सख्खा चुलता तिला मागत होता. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली, गोठ्यात चार म्हशी, करायला हात नाहीत. "आमच्या रगताची पोर हाय, दुसऱ्याच्या दारात किती दिवस ठिवायची?" असा निरोप आला, आणि पुढच्या निरोपात तिच्यासाठी स्थळही बघून ठेवल्याचं आलं. तेरा वर्षांची पोर. मावशी चुलीपुढं पदर तोंडात धरून रडली. तात्या म्हणाले, "ज्याची त्याला दिऊन टाक, बाबा. वंशाला रगात लागतं." आबा शांत माणूस, थोरल्या भावापुढं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "हेळवी शेजारच्या गावापतोर आलाय, त्याला येऊ द्या. वहीत तिचं नाव माझ्या नावाखाली पडलं की ती माझी. मग भावकी मागं उभी राहील आन् वडगावकरानं हिकडं बघायचं न्हाय." तात्यांना हे नाकारता येईना. हेळव्याच्या वहीपुढं आमच्याकडं कोर्टसुद्धा खालचं.

नव्या पिढीला हेळवी ठाऊक नसेल म्हणून सांगते. हा माणूस बैलावर बसून यायचा, बैलाच्या गळ्यात मोठी पितळी घंटा. पाच-सात वर्षांतून एकदा. ओसरीवर बसून आपली लांबोळी वही उघडायचा आणि तुमचा खापरपणजा कुठून आला, कुणाला किती लेकरं, कुठली लेक कुठं दिली, हे एका सुरात म्हणायचा. मग नव्यानं जन्मलेल्यांची नावं लिहायचा आणि धान्य, धोतर घेऊन पुढच्या गावाला जायचा. त्याची अक्षरं आम्हाला वाचता यायची नाहीत, पण त्याचा शब्द खोटा निघाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आमच्या या हेळव्याची एक रीत होती. तो मोठ्या माणसांच्या सांगण्यावर लिहायचा नाही. घरातल्या सगळ्यांत धाकट्या, पण बोलत्या लेकराला समोर बसवून विचारायचा. म्हणायचा, मोठी माणसं जमिनीसाठी नावं वाढवत्यात आन् कमी करत्यात, लेकराला त्यातलं काय कळत न्हाय. त्या वर्षी घरातलं सगळ्यांत धाकटं लेकरू मी होते.

रविवार होता. सकाळपासून वारं. त्या दिवशीच्या भागात पाकोळीचे आईबाप सापडणार, असं आधीच्या रविवारी सांगितलं होतं. सुली पत्र्यावर चढली नाही. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आज तू धर, मंगे. येकदाच. मला तेवढं बघू दे." तिनं यापूर्वी असं अडून कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हणाले, "मी न्हाय धरत." "मग मी बी न्हाय." आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो. समोर नुसत्या मुंग्या. मुंग्यांच्या मागून पाकोळीचा आवाज यायचा आणि विरायचा. कुणीतरी तिला हाक मारत होतं, ती रडत होती, पण कोण सापडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. संपल्यावर सुली माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझ्यामुळं." मग मी ते बोलले. "ती पुस्तकात न्हाय. खोटी हाय ती. तू बी तसलीच, मागनं घुसडल्याली." सुलीनं मला मारलं नाही, शिवी दिली नाही. उठून परड्यात गेली आणि भांडी घासायला लागली. राखेनं इतक्या जोरानं घासत होती की मावशीनं आतून विचारलं, काय झालं गं. बाहेर रस्त्यावर घंटा वाजली.

ओसरीवर सगळे जमले. तात्या खांबाला टेकून. आबांनी त्या दिवशी गाडी दुसऱ्याला दिली होती, धुतलेला सदरा घातला होता. मावशी दाराआड. सुलीच्या हातात ज्वारीनं भरलेलं सूप आणि त्यावर नवं धोतर. ते तिनंच द्यायचं असं आबांनी ठरवलेलं. तिनं हात धुतले होते, पण नखांत राख होती. हेळव्यानं सगळी वंशावळ म्हटली. पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावाचं नाव आलं तेव्हा तात्यांनी डोळे मिटले. मग तो आबांच्या नावाशी आला आणि थांबला. आबा म्हणाले, "दोन लेकी. सुलोचना आन् मंगल." तात्या म्हणाले, "येक." हेळवी हसला. "तुमच्या दोघांचं मला नगंच. हिकडं ये गं, बाळ." मला समोर बसवलं. म्हातारा होता, एका डोळ्यात फूल पडलं होतं. त्यानं हळू आवाजात विचारलं, "तुला भावंडं किती?"

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी आयुष्यभर आठवून पाहिलं आहे. मला कळलं नव्हतं, असं स्वतःला सांगायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण मला कळलं होतं. वडगावचा चुलता, म्हशी, स्थळ, सगळं ऐकलेलं होतं. आबा माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरासुद्धा धास्ती नव्हती, इतकी त्यांना माझी खात्री होती. सुली सूप धरून उभी होती. मी खाली बघून म्हणाले, "न्हाईत. मी येकलीच."

बैलानं मान हलवली, घंटा एकदा वाजली. हेळव्यानं माझ्याकडं क्षणभर पाहिलं, पुन्हा विचारावं की काय असं त्याच्या मनात आलं असावं. मग त्यानं लिहिलं. एकच ओळ. सुलीनं पुढं होऊन सूप त्याच्या पायाशी ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि आत गेली. आबांनी मला रागावायला हवं होतं. त्यांनी नुसता सदरा काढून खुंटीला लावला आणि पाण्याकडं निघून गेले. अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

आठ दिवसांत सगळं उरकलं. वही बोलली म्हटल्यावर भावकीतलं कुणी आबांच्या बाजूनं उभं राहिना. आबा तिला आपल्याच गाडीतून वडगावला सोडायला निघाले. दूध उचलायला रोज तिकडं जायचेच. मावशीनं पितळी डब्यात दशम्या बांधल्या. सुलीनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "अँटेना तारेनं आवळलाय. खाली धोंडं लावल्यात. आता हालायचा न्हाय." आणि गाडीत बसली. रिकामे कॅन खडखडत वळणापर्यंत गेले. पुढच्या रविवारी खूप वारं होतं आणि टीव्हीवर चित्र इतकं स्वच्छ आलं, की तसं कधीच आलं नव्हतं. मी बटण बंद केलं आणि रडले. मावशी आतून आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. त्या बाईनं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या अंकावर पाकोळी होती. 'बालमित्रांच्या आग्रहावरून पाकोळी आता पुस्तकातही' असं वर ठळक छापलेलं. तिच्यासाठी किती कार्डं गेली असतील देव जाणे, पण त्यातलं एक कुणाचं होतं ते मला माहीत होतं. झगा निळा होता. सुली चुकली होती. निदान रंगाच्या भांडणात मी जिंकले होते आणि मला तो निळा रंग बघवेना. मी चुलीजवळच्या डब्यातून हळद घेतली, थेंबभर पाण्यात कालवली आणि बोटानं झग्यावर लावली. झगा पिवळा व्हावा म्हणून. निळ्यावर हळद बसली आणि तो हिरवा झाला, शेवाळासारखा, डागाळलेला. तसाच अंक आबांकडं दिला, म्हणाले, सुलीला द्या. आबांनी तो उलगडून पाहिला, बोटाची हळद पाहिली आणि बंडीच्या आत पोटाशी ठेवला. उत्तर आलं नाही. मी वाट बघायचे, मग मोठी झाले आणि वाट न बघायला शिकले. सोळाव्या वर्षी सुलीचं लग्न लावलं. आबा-मावशी जाऊन आले. माझी परीक्षा होती. परीक्षा नसती तरी मी गेले नसते, कुठल्या तोंडानं तिच्यासमोर उभी राहणार होते?

मग वर्षं गेली. मी इंदापूरला शिकवू लागले, माझं लग्न झालं, आबा गेले आणि मावशीजवळ कुणी हवं म्हणून मी माहेरच्याच घरात राहायला आले. आबांच्या वेळेला सुली येऊन गेली म्हणे, मी रडत असताना ती मावशीजवळ बसून होती आणि दुपारच्या एसटीनं परतली. आम्ही खरं म्हणजे बोललो ते मावशीच्या दहाव्याला, नरसिंहपूरच्या संगमावर. पिंडाला कावळा शिवेना. सगळे ताटकळले होते. मावशीची काय इच्छा राहिली असेल याच्यावर बायका कुजबुजत होत्या. सुली माझ्याशेजारी वाळूत बसली. केस पांढरे, हातांवर पिठाचा थर बसल्यासारखी कातडी. बारामतीत तिची गिरणी होती, नवऱ्यामागं तीच चालवायची. तिनं एकाएकी विचारलं, "हळद तू लावलीवतीस व्हय गं?" मी मान हलवली. "हिरवा झालाता," ती म्हणाली. "म्हशींच्या गोठ्यात वाचला मी त्यो अंक. येकच हुता, तवा पुन्यांदा पुन्यांदा वाचला." माफी माग, माफी माग, असं माझं मन ओरडत होतं. मी म्हणाले, "सुले, त्या दिवशी…" तिनं नदीकडं बघत हात वर केला, जसा आपण लेकराला गप्प करायला करतो. तेवढ्यात कावळा शिवला आणि सगळे उठले. माझं राहून गेलं.

नातीनं पुस्तक दाखवलं त्याच आठवड्यात हेळवी आला. त्या म्हाताऱ्याचा मुलगा, तोही आता म्हातारा. बैल नाही, मोटरसायकल, वही मात्र तीच, रेक्झिनच्या पिशवीत. मधल्या काळात तो दोन-तीनदा येऊन गेला होता. मी घरात असायची आणि पुढं व्हायची नाही, तात्या बघून घ्यायचे. आता तात्या नाहीत. मी पुढं झाले, पाणी दिलं, ओसरीवर सतरंजी टाकली. त्यानं सूर धरला. खापरपणजा, पणजा, बुडालेलं गाव. आबांच्या नावाशी आला. "त्यांना येक लेक, मंगल." आणि थांबला. बोट ओळीवर ठेवून त्यानं वर पाहिलं. "ताई, येक इचारू का? बारामतीला येक घर हाय आमच्या वहीत. तितल्या सुलोचनाबाईंचं माहेर इचारलं तवा त्यांनी ह्या घराचं नाव सांगितलं. वडगाव न्हाय सांगितलं. बाप म्हणून आबांचं, बहीण म्हणून तुमचं. माझ्या बापानंच लिवलंय त्ये, लई वर्सं झाली. हितं तर त्यांचं नाव न्हाय. दोन्ही वळी जुळत न्हाईत. कंची तरी येक चुकलीया."

माझ्या कानात घंटा वाजल्यासारखं झालं. लग्न होऊन सासरी गेलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला त्याच म्हाताऱ्यानं, त्याच एका डोळ्यानं बघत विचारलं असणार, तुझं माहेर कुठलं, भावंडं किती. आणि तिनं मला लिहवलं होतं. मी तिला काढून टाकल्यावर अवघ्या तीन-चार वर्षांत. संगमावर शेजारी बसली तेव्हाही ती हे बोलली नव्हती.

"ही चुकलीया," मी म्हणाले. "त्यांची बरोबर हाय. ही मी चुकवली. लेकराला इचारायची तुमच्या वडलांची रीत हुती, आन् लेकरू खोटं बोललं." हेळवी वाद घालत बसला नाही. अशी कबुली त्यानं आधीही ऐकली असावी. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि वही डोळ्यांजवळ नेली. "दोन वळींमधी जागा न्हाय, ताई. कडंला लिवावं लागंल." "कडंला लिवा. पण माझ्या वर लिवा. ती थोरली हाय." नात दारात उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडून फोन मागून घेतला आणि सुलीला लावला. नंबर तिनंच दाबून दिला.

पलीकडं गिरणीची घरघर. "कोण?" "मंगल. सुले, हेळवी आलाय. वही उघडलीया. तुझं नाव लिवतोय." घरघर चालू राहिली, मग पट्टा सुटल्यासारखा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. तिनं गिरणी बंद केली होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता. हेळवी सावकाश, एकेक अक्षर कोरून लिहीत होता, आणि ती अक्षरं मला आजही वाचता येत नव्हती. त्यानं शेवटचा फराटा ओढला, फुंकर घातली आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

"आलं का?" सुलीनं विचारलं.

"आलं," मी म्हणाले. "आता खाली ये, सुले."